आधी काम, मग दाम

 

धान निघालं की आपल्याकडे घराच्या कामांचा हंगाम सुरू होतो. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं. कुणाला कवेलू उतरवून स्लॅब टाकायचा असतो. कुणाच्या पोराचं लग्न ठरलेलं असतं, म्हणून एक खोली वाढवायची असते. मिरग लागायच्या आत सगळं उरकायचं, अशी घाई असते. आणि नेमक्या याच वेळी दारात ठेकेदाराची गाडी थांबते. तो म्हणतो, "काकू, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? रेती मी आणतो, लोहा मी आणतो, मजूर माझे. तुम्ही फक्त बँकेत माझ्यासोबत चला आणि नंतर चावी घ्या."

ऐकायला किती गोड वाटतं! आज मी याच गोष्टीवर बोलणार आहे. घर कसं बांधायचं हे मिस्त्रीला कळतं. पण मिस्त्रीला काम कसं द्यायचं, कामावर नजर कशी ठेवायची आणि पैसे कधी मोजायचे, हे आपल्याला कळलं पाहिजे. माझं सगळं सांगणं एका वाक्यात सांगते. पैसा कामाच्या मागून चालला पाहिजे, कामाच्या पुढे नाही.

आता ठेकेदार म्हणजे चोरच, असं मी म्हणत नाही. चांगली, शब्दाला जागणारी माणसं या धंद्यात आहेत. पण धंद्याची रीत समजून घ्या. एक ठेकेदार एका हंगामात चार-पाच घरं धरतो. त्याच्याजवळ स्वतःचं भांडवल थोडं असतं. मग तुमच्याकडून उचललेल्या पैशातून तो आधीच्या घराचा लोहा आणतो, आणि तुमच्या घराचा लोहा पुढच्या घराच्या पैशातून यायचा असतो. ही साखळी चालते तोवर सगळं ठीक. एखाद्या घराचा हप्ता अडकला की साखळी तुटते आणि शेवटच्या बाईचं घर लिंटलवर थांबतं. त्या बाईने पूर्ण पैसे दिलेले असतात, म्हणून तिच्याकडे परत यायची ठेकेदाराला घाईच नसते.

घरकुलाच्या बाबतीत तर हे आणखी अवघड होतं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही २०१६ पासून चालू आहे. साध्या भागात घरामागे १ लाख २० हजार आणि डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार, असा तिचा हिशेब आहे. तुमच्या मंजुरीच्या पत्रावर कोणता आकडा आहे तो वाचून घ्या. ही रक्कम एकदम मिळत नाही. काम एका टप्प्याला आलं, त्याचा जागेवर जाऊन मोबाईलवर फोटो काढला गेला, की पुढचा हप्ता खात्यात येतो. म्हणजे सरकारसुद्धा काम पाहूनच पैसे देतं! मग आपणच पहिला हप्ता मिळाल्या दिवशी सगळा उचलून दुसऱ्याच्या हातात का द्यायचा? तो पैसा गेला आणि जोता उठला नाही, तर फोटो निघत नाही. फोटो नाही तर दुसरा हप्ता नाही. बाई मधल्या मध्ये अडकते.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या योजनेत घर लाभार्थ्याने आपलं आपण, आपल्या देखरेखीत बांधायचं असतं. सरकारने ठेकेदार नेमून घर बांधून देण्याची ही योजना नाही. तेव्हा कुणी येऊन "मी पंचायतीचा ठेकेदार, घरकुल माझ्याकडूनच बांधावं लागतं" असं म्हणालं, तर त्याला सरळ सांगा, "भाऊ, तसा नियम नाही." मिस्त्री कोण लावायचा हे तुम्ही ठरवायचं. बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी कुणाला द्यायचा नाही. आधारच्या मशीनवर अंगठा लावताना किती रुपये निघतात ते विचारायचं, पावती मागायची आणि नोटा स्वतः मोजायच्या. घरकुलाच्या कामावर रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी धरलेली असते. ती जॉबकार्डवाल्या कुटुंबाच्या खात्यात येते. ती ठेकेदाराची नाही.

आता ठेका कसा द्यायचा ते पाहू. दोन तऱ्हा आहेत. एक मजुरीचा ठेका, म्हणजे सामान आपलं, हात त्यांचे. दुसरा सामानासकट ठेका. माझं मत विचाराल तर आपल्यासारखीने मजुरीचाच ठेका द्यावा. सामान आणायचा त्रास होतो, पण सिमेंटचे किती पोते आले आणि किती लागले हे आपल्या डोळ्यापुढे राहतं. सामानासकट ठेका द्यायचाच असेल तर सिमेंट कोणतं, लोहा किती जाडीचा, विटा कोणत्या, दारं लाकडाची की लोखंडाची, हे एकेक लिहून घ्या. नाहीतर "चांगलं सामान वापरतो" या बोलण्याला काही अर्थ नाही.

फुटावर भाव ठरला तर माप कुठून धरणार ते आधीच विचारा. भिंतीच्या आतून की बाहेरून? छज्जा धरणार का? संडास आणि पायऱ्या वेगळ्या का? घरकुलाचं घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं असावं लागतं, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली असते. तेवढंच घर बाहेरून मोजलं तर आकडा बराच फुगतो. हे आधी बोललं नाही की शेवटी भांडण होतं.

एका मिस्त्रीवर थांबू नका. निदान तिघांचे भाव घ्या. त्यांनी बांधलेली दोन-दोन घरं पाहून या, आणि तीही नवी नको, दोन पावसाळे खाल्लेली पाहा. त्या घरातल्या बाईला विचारा, "छत गळतं का? ठरलेल्या पैशात झालं का? बोलावल्यावर आला का?" कमी भाव सांगणारा स्वस्तच पडतो असं नाही. त्याने काय सोडून भाव सांगितला, तेही पाहावं लागतं.

मग लिहायचं. कोर्टात जायचं म्हणून नाही, तर सहा महिन्यांनी दोघांनाही बोललेलं आठवावं म्हणून. गटाच्या वहीचं एक पान पुरे. त्यावर ठेकेदाराचं पूर्ण नाव, गाव, फोन नंबर. कोणतं काम, किती लांबी-रुंदी. सामान कुणाचं. एकूण रक्कम. काम कधी सुरू आणि कधी पूर्ण. पैसे कोणत्या टप्प्यावर किती. काम वाढलं तर भाव काय. पाणी, वीज, मजुरांचा चहा कुणाकडे. खाली दोघांची सही आणि दोन साक्षीदार. त्यातली एक साक्षीदार गटातली बाई असू द्या. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जो माणूस लिहून द्यायला कचरतो, त्याला तिथेच नमस्कार करावा.

पैशाचे टप्पे कसे पाडायचे? एक उदाहरण देते. समजा मजुरीचा ठेका ६० हजारांचा ठरला. सामान जागेवर आलं, मजूर कामाला लागले, की ५ हजार. जोता पूर्ण झाला की १२ हजार. भिंती लिंटलपर्यंत आल्या की १२ हजार. स्लॅब पडला की १५ हजार. प्लास्टर आणि फरशी झाली की १० हजार. राहिले ६ हजार. हे ६ हजार पहिला मोठा पाऊस झाल्यावर, छत गळत नाही हे पाहून द्यायचे. ही शेवटची रक्कम राखून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. तीच ठेकेदाराला गळकं छत दुरुस्त करायला परत आणते. पण बायांनो, हेही तितकंच खरं, की टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे मोजून द्या. मिस्त्रीच्या घरीही चूल पेटायची असते. आपण टाळाटाळ केली तर तोही दुसरीकडे काम धरणार. प्रत्येक वेळी तारीख, रक्कम आणि त्याची सही वहीत घ्या.

आता एक काळजीची गोष्ट. जुनं घर पाडण्याची घाई करू नका. आपला भाग जंगलाचा आहे. घर पाडलं की लेकरंबाळं, म्हातारी माणसं ताडपत्रीच्या झोपडीत येतात. काम रखडलं आणि पाऊस लागला तर ओल, साप, विंचू, आणि तुमच्या शिवारात वाघ-बिबट फिरत असेल तर रात्रीची झोप नाही. शक्य असेल तर नवा जोता बाजूला घ्या. जागा नसेलच, तर रेती, विटा, सिमेंट जागेवर आल्याशिवाय आणि मिस्त्रीची तारीख पक्की झाल्याशिवाय एक कवेलूसुद्धा उतरवू नका. घरातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जाणार असतील, तर त्या दिवसांत स्लॅबचं काम धरू नका.

आणि जुन्या घरातलं लाकूड! आपल्या जुन्या घरांत सागाची म्यालं, खांब, चौकटी असतात. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी आपल्या बल्लारपूरहून सागवान गेलं, इतका या लाकडाचा मान. आणि आपण ते "मलबा तूच घेऊन जा" म्हणून देऊन टाकतो. पाडण्याआधी म्यालं, दारं, कवेलू मोजून वहीत लिहा. ते कुणाचं, हे करारात यायला हवं. जुनी सागाची चौकट नव्या घरात बसते, तेवढे पैसे वाचतात.

आता कामावर नजर ठेवण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, "आम्हाला त्यातलं काय कळतं?" मी विचारते, आपल्या गटात रेजाचं काम केलेल्या किती बाया आहेत? डोक्यावर घमेलं वाहताना मालात किती रेती आणि किती सिमेंट पडलं हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं. हे ज्ञान आपल्याच घरात आहे, ते फक्त दुसऱ्याच्या कामावर खर्च होतं. त्यांना पुढे बसवा.

काही सोप्या परीक्षा सांगते. रेतीपासून सुरू करू. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॅक्टरची ट्रॉली आली की टेप लावा. समजा आत १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि रेती दीड फूट उंच भरली आहे. दहा सक साठ, साठ दीडे नव्वद. म्हणजे ९० घनफूट, पूर्ण ब्रास नाही. दहा ट्रॉल्यांमागे एक ब्रास कमी! घरकुलवाल्यांना ५ ब्रासपर्यंत रेती स्वामित्वधन न घेता देण्याचं राज्य सरकारचं धोरण आहे. वाहतूक आपली. तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत त्याची चौकशी जरूर करा.

दुसरी परीक्षा विटेची. दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज आला तर पक्की, बद्द आवाज आला तर कच्ची. बांधण्याआधी विटा पाण्यात भिजवायला लावा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो.

तिसरी सिमेंटची. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर इथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, तेव्हा जुना माल घ्यायचं आपल्याला कारणच नाही. पोत्यावर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी भरलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. गोळे झाले असतील तर परत करा. पोती जमिनीवर ठेवायची नाहीत, फळ्यांवर ठेवायची आणि भिंतीला टेकवायची नाहीत.

चौथी लोह्याची. लोहा वजनावर विकतात, म्हणून वजन ठाऊक हवं. १२ मिलिमीटर जाडीची १२ मीटरची सळाख साधारण साडेदहा ते पावणेअकरा किलो भरते. १० मिलिमीटरची जवळपास ७ किलो ४०० ग्रॅम, ८ मिलिमीटरची पावणेपाच किलोच्या आसपास. फार हलकी भरली तर जाडी कमी आहे असं समजा.

पाचवी कोपऱ्याची. पाया आखताना कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण करा, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. भिंत उठताना ओळंबा लावून दाखवायला सांगा. मिस्त्री रागावत नाही. उलट, ही बाई पाहणारी आहे, हे त्याला कळतं.

आता स्लॅबचा दिवस. त्या दिवशी घरची आणि गटाची मिळून दोघी-तिघी तिथे हजर पाहिजेत. स्लॅबच्या मालात एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी हे प्रमाण ठेवायला सांगा. माप एकाच पेटीने किंवा डब्याने घ्यायचं, अंदाजाने घमेली टाकायची नाहीत. आणि पाणी! माल पातळ केला की ओतायला सोपा जातो, म्हणून मजूर पाणी वाढवतात. पण जास्त पाण्याने स्लॅब कमजोर होतो. एका पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी लागतं. बादली मोजून ठेवा. सळाखीखाली सिमेंटचे छोटे ठोकळे दिले आहेत का, हे माल पडण्याआधी वाकून पाहा. ठोकळे नसतील तर सळाख खाली उघडी पडते, गंजते, आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडतात.

स्लॅब पडल्यावर मिस्त्री जातो आणि आपलं काम सुरू होतं. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. अशा उन्हात निदान १४ दिवस छतावर मातीची आळी करून पाणी साचवून ठेवा. भिंतींवरही सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. ताजा स्लॅब उन्हात कोरडा पडला तर कितीही चांगलं सिमेंट असो, तडे जातात. खालच्या बल्ल्याही निदान १४ दिवस काढू देऊ नका. सेंट्रिंगवाल्याला दुसरीकडे सामान न्यायचं असतं, म्हणून तो घाई करतो. त्याची घाई आपण ऐकायची नाही.

हे सगळं एकटीने होत नाही, आणि एकटीने करायचंही नाही. आपल्याच महाराष्ट्रात हे बायांनी करून दाखवलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. जी घरं पडली नव्हती पण तडकली होती, त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारने घरमालकालाच मदत दिली आणि काम त्यानेच करून घ्यायचं ठरलं. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेची त्यांना साथ होती. कोणत्या घराला काय करायचं, मदत कशी मिळते, काम नीट चाललं आहे का, हे त्या घरोघरी जाऊन समजावत आणि पाहत. त्याआधी यातल्या कितीतरी बाया चावडीवर बोलल्याही नव्हत्या. पुढे २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा तिथल्या बायांना हे शिकवायला याच भागातल्या बाया गेल्या. झारखंडमध्ये तर संडास बांधण्याच्या कामात बायाच मिस्त्री झाल्या. लोक त्यांना रानी मिस्त्री म्हणतात. घमेलं वाहणाऱ्या हातात थापी आली.

इतकं करूनही ठेकेदार काम सोडून गेला तर? आधी गटाच्या चार-पाच बाया वही घेऊन त्याच्याकडे जा. किती काम झालं, किती पैसे दिले, ते त्याच्यापुढे वाचा. बहुतेक वाद इथेच मिटतात, कारण लिहिलेलं असतं. घरकुल असेल तर ग्रामपंचायतीला आणि पंचायत समितीतल्या घरकुलाच्या अभियंत्याला लेखी कळवा. तरी ऐकलं नाही, तर ठेका घेऊन घर बांधून देणं ही ग्राहक कायद्यात सेवा धरली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. बायांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, नाहीतर १५१०० वर फोन करायचा.

या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. गटाची एक वेगळी वही घाला आणि तिच्यावर लिहा 'घरबांधकाम'. बचतीतून एक टेप आणि एक ओळंबा घ्या, तो सगळ्यांना पुरेल. यंदा कुणाकुणाचं घर निघणार आहे ते विचारा, आणि प्रत्येक घरामागे दोन बाया नेमा. त्यातली एक रेजाचं काम केलेली असू द्या. आपली तेंदूपत्त्याची मजुरी, मोहफुलाचे पैसे आणि पै-पै जमवलेली बचत त्या भिंतींत जाणार आहे. ती भिंत सरळ उभी राहते की नाही हे पाहण्याचा हक्क आपला आहे.